होडी राखीव वेळेत

२ मे, संध्याकाळ
चार दिवसांच्या ट्रिपचं वेळापत्रक तयार. बावीस वर्षं डेपोत बसची वेळापत्रकं करतोय, हे तर डाव्या हाताचं काम. तळ्याकाठचा फेरफटका, टेकडी, बाग, शहरातलं म्युझियम, शेवटच्या दिवशी घड्याळाचा टॉवर. गर्दीत चुकामूक नको म्हणून तीन केशरी टोप्या घेतल्या. लेक म्हणाली, ही घालण्यापेक्षा मी हरवलेली बरी.

बायकोची एकच मागणी, तळ्यात होडी. अठरा वर्षांपूर्वी, लग्न झाल्या झाल्या तिथे गेलो होतो तेव्हा राहून गेली होती. वारा सुटला होता. (तिसऱ्या दिवशी. पहिले दोन दिवस मी तिथले बसथांबे बघत होतो.) या वेळी होडी राखीव वेळेत टाकली आहे. उशीर झालाच तर भरून काढायला रोज अर्धा तास राखीव, म्हणजे चार संधी. इतका विचार कोणता नवरा करतो?

३ मे, दुपारी
निघायला अकरा मिनिटं लेट. चष्मा सापडत नव्हता. डोक्यावर होता, पण कोणी सांगितलं नाही. हॉटेलच्या खिडकीतून तळं दिसतं. बायको तिथून हलेना.

राखीव वेळेतून अकरा वजा, उरली एकोणीस. एवढ्याशा वेळात होडीची काय मजा येणार. उद्या.

४ मे, सकाळी ८.००
निश्चय: आज चिडायचं नाही.

८.२०
चिडलो. लेक आंघोळीला गेली ती गेलीच.

संध्याकाळी
म्युझियमला साप्ताहिक सुट्टी. कुठेही ठळक लिहिलेलं नव्हतं. (दारावर होतं.) बंद दारासमोर ठरलेली पन्नास मिनिटं थांबलो. बायको म्हणाली, अहो, एवढ्यात तळ्यावर पोचलो असतो. तिला कसं समजावणार, एक गाडी वेळेआधी सोडली की पुढच्या सगळ्या कोलमडतात. मायलेकी पायरीवर बसून हसत होत्या. कशाला हसताय विचारलं, तर काही नाही म्हणाल्या.

परत येईपर्यंत अंधार पडला. होडी उद्या.

५ मे, सकाळी
धक्क्यावर चौकशी केली. होडीवाला म्हणाला, आत्ताच बसा साहेब, पाणी शांत आहे. म्हटलं, आमची राखीव वेळ साडेपाचला आहे. तो म्हणाला, साडेपाचला वारा असतो. त्याला सांगितलं, धंदा असा बेभरवशाचा ठेवून चालत नाही. तो बायकोकडे बघत म्हणाला, ताई, वर्षानुवर्षं वारा त्याच वेळेला येतोय.

बायको काही बोलली नाही. म्हणजे माझं पटलं.

५.४०
वारा. होड्या बंद. यात माझी काहीही चूक नाही.

लेक म्हणाली, बाबा, आईने या होडीसाठी अठरा वर्षं वाट पाहिली. म्हटलं, मग एक दिवस आणखी. ती आईजवळ जाऊन बसली. तिलाही पटलं. घरात हळूहळू शिस्त येते आहे.

६ मे, सकाळी ८.१५
आज टॉवर. बायको म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, आमचं आवरायचंय. म्हटलं, बरोबर सव्वानऊला टॉवरखाली भेटा. दोघी लगेच हो म्हणाल्या. एवढ्या आज्ञाधारक कधी नव्हत्या.

९.२५
टॉवरखाली कोणी नाही. दहा मिनिटं लेट. मी वर चढून आलो. वर दुर्बीण आहे. तळ्यात एकच होडी, आत दोन बायका. वल्ही अशी मारताहेत की होडी जागच्या जागी गोल फिरते आहे. आणि वर हसताहेत. प्लॅनिंग नसलं की हे असं होतं. यांच्या घरातल्या कर्त्या माणसाची कीव आली.

९.२८
दोघींच्या डोक्यावर केशरी टोप्या आहेत.

९.३०
मी माझी टोपी काढून हलवली. बराच वेळ हलवली. शेजारच्या आजोबांनी विचारलं, कोणी ओळखीचं आहे का? म्हटलं, नाही, गरम होतंय.

दुपारी, परतीच्या बसमध्ये
बस वेळेवर सुटली. कोणाला त्याचं कौतुक नाही.

बायकोच्या चपला ओल्या आहेत. टॉवर कसा होता, तिने विचारलं. छान होता म्हणालो. ती म्हणाली, होडीत तिसऱ्याला जागा होती. मग खिडकीला डोकं टेकून झोपली. झोपेतही जरा हसरी दिसते आहे. अशी मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

माझ्या वेळापत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लेकीने पुढच्या वर्षीची ट्रिप लिहून काढली आहे.

सकाळी: तळं.
दुपारी: तळं.
संध्याकाळी: वारा बघणे.
बाबा: राखीव वेळेत.

वेळ किती, ते लिहिलेलं नाही. विचारलं असतं, पण तीही झोपली आहे.