परग्रहावरचे पाहुणे आणि धरमपेठेतले यजमान

प्रिय दादा,

किळस आली आहे, म्हणून लिहिते. खरं तर रडून मोकळं होऊन लिहायचं होतं. तू जाऊन महिना झाला तरी ते जमलं नाही, आणि काल तुझ्या शोकसभेतून परतले ती ही किळस घेऊनच.

सभा धरमपेठेत होती. ज्या वाचनालयाच्या हॉलमध्ये तू परग्रहावरच्या जीवांवर बोलला होतास ना, तिथेच. तुझ्या फोटोला हार घातला वाचनालयाच्या अध्यक्षांनी, नानासाहेबांनी! रुमालानं डोळे टिपत म्हणाले, "वसंतराव आमच्या घरचेच होते."

घरचेच! ऐकलंस?

किती तयारी केली होतीस रे तू त्या भाषणाची! चंद्रावर माणूस उतरल्यापासून तुला दुसरं काही सुचतच नव्हतं. कॉलेजात फिजिक्स शिकवून इंदोरा वस्तीतल्या आपल्या घरी आलास, की आईच्या चुलीपाशी बसून तेच. त्यांना डोळे कशाला असतील? हात तरी दोनच का? एखादा जीव तळ्याएवढा पसरलेला असेल, त्याला एक शब्द बोलायला दहा वर्षं लागतील, आणि आपण त्याच्यावर पाय देऊन निघून जाऊ!

आईला काळजी निराळीच. "वसंता, ते आले तं त्याले जेवाले काय वाढाचं गा?"

"आई, त्याले तोंडच नसन तं?"

"नसन तं नसन. बसू तं दे त्याले घरात!"

व्याख्यानाला तू अंबाझरी तलावाच्या काठचं हिरवं शेवाळ बरणीत भरून नेलंस. लोकांना वाटलं होतं, तबकड्या आणि हिरवी माणसं दाखवशील. तू झाकण उघडून बरणी पहिल्या रांगेत दिलीस. नानासाहेबांच्या पत्नी पदर नाकाला लावून म्हणाल्या, "शी!" तू हसून म्हणालास, "ही 'शी' लक्षात ठेवा. खरंच कुणी आलं, तर माणसाचा पहिला शब्द बहुधा हाच असेल. आपल्याला परक्याला हार घालता येतो किंवा गोळी. तिसरं अजून शिकायचं आहे." केवढ्या टाळ्या पडल्या होत्या!

मग नानासाहेबांनी आपल्या दोघांना चहाला घरी नेलं. बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, फुलाफुलांचे कप. मंगळावर पाणी असेल का, हे विचारता विचारता ते विचारून बसले, "मूळचे कुठले तुम्ही?"

"भिवापूरचे."

"वा, मिरचीचं गाव! आणि आडनाव?"

तू सांगितलंस. आपल्या बाबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हेही सांगितलंस, अगदी सहज, कुणी न विचारता. नानासाहेब "अस्सं, अस्सं" म्हणाले आणि मंगळ तिथंच संपला.

फाटकापर्यंत आल्यावर माझ्या लक्षात आलं, तुझी बरणी व्हरांड्यात राहिली. मी परत गेले. नानासाहेबांच्या पत्नी आपले दोन कप चिमट्यात धरून कचऱ्याच्या डब्यात टाकत होत्या. चिमट्यात, दादा! नानासाहेब शेजारी उभे राहून सांगत होते, "खुर्च्यांवरही पाणी टाका." मला पाहून त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि पुसत बसले.

सायकलवर तुझ्यामागे बसून मी हुंदके देत होते. "काहून रडून राहिली वं कुंदा? घाबरले ते. पहिल्या भेटीत घाबरतातच लोक." आणि हसलास! त्या हसण्याचा मला आजही राग आहे. ज्याला डोळे नाहीत, तोंड नाही, त्याला समजून घेणं मला पटतं. यांना सगळं होतं की रे! पुस्तकांनी भरलेली कपाटं होती! मग यांना कशाला समजून घेतलंस? तू हसलास म्हणून मलाही गप्प बसावं लागलं, इतकी वर्षं.

काल मात्र नाही बसले. दरवर्षी तुझ्या नावानं विज्ञान व्याख्यान ठेवणार, भिंतीवर पाटी लावणार, असं नानासाहेबांनी जाहीर केलं, तशी मी उभी राहिले. कप, चिमटा, खुर्च्यांवरचं पाणी, सगळं सांगितलं. त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेतच होत्या, त्यांनी मान खाली घातली. नानासाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बेटी, ही वेळ नाही."

माझ्या शेजारून आई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "मंग कोणती हाय?"

मी म्हटलं, "माझ्या भावाचं नाव तुम्हाला मिळणार नाही," आणि आईचा हात धरून निघाले. दारात एक गृहस्थ कुजबुजले, "गेलेल्या माणसासाठी तरी थोडं सांभाळून घ्यायचं!" अत्तराचा वास मारत होता त्यांच्या कोटाला.

आता ऐक. ती पाटी लागणार नाही, ते मी बघते. आणि तुझं भाषण मी करणार आहे. आधी मी शिकवते त्या शाळेत, मग जो बोलावील त्याच्या दारी. पोरांना तुझे ते बिनडोळ्यांचे, तळ्याएवढे जीव सगळे सांगीन. पण कुणी परक्याला हिडीसफिडीस केलं, तर तुझ्यासारखं हसून सोडणार नाही. हे वचन रागानंच देते आहे. माया त्यातच शोध.

तुझी,
कुंदा