हेल्मेटच्या आतला वाघ

१६ डिसेंबर, सकाळ
पंचांग पाहिलं. महिनाभर लग्नतिथी नाही. म्हणजे आमच्या सिनेमाला मुहूर्त लागला. मारोतराव कळमेश्वरला लग्नांचे व्हिडिओ काढतात. कुणाचंच लग्न नसेल तेव्हा त्यांचा ड्रोन मोकळा होतो आणि चित्रपटसृष्टी पुढे सरकते. 'बायपासचा वाघ' असाच गेल्या वर्षी पितृपक्षात झाला. आता भाग दोन : 'वापसी'. नायक अर्थात मीच. वय चोपन्न, पण जॅकेटमध्ये कळत नाही.
संकल्प एक : मोटरसायकल शिकणे. संकल्प दोन : चारुशीलेला माहेराहून, पारशिवनीहून, घरी आणणे. दुसरा आधी सिद्धीस गेला तर पहिल्याची गरज नाही.

१८ डिसेंबर
निदान रोजनिशीत तरी वस्तुस्थिती मांडावी, म्हणून ही नोंद. पहिल्या भागात हेल्मेटची काच खाली आहे तिथे तिथे आत चारुशीला आहे. काच वर असेल तिथे मी, आणि गाडी स्टँडवर. बुलेट तिच्या वडिलांची. पारशिवनीच्या शेतांमधल्या पांदणीत ती शाळेपासून चालवते. चेहरा माझा, संवाद माझे, वेग बायकोचा. यात फसवणूक नाही. हे अद्वैत आहे.
दिवाळीत नागपूरला धरमपेठेत मिनल नावाच्या यूट्यूबवालीने मुलाखत घेतली. "सर, स्टंट कोण करतं?" म्हटलं, मीच. चारुशीला शेजारी माझं जॅकेट धरून उभी होती. घरी येताना बुलेट तिच्याच हातात, मी मागे. एरवी वाटेत तोंड बंद नसतं तिचं. त्या दिवशी बोलली नाही. वारा फार होता.
पुढच्या आठवड्यात ती बुलेट घेऊन भावाकडे गेली. कापूस वेचायचा होता. मग तूर आली. या सगळ्याचा मुलाखतीशी संबंध नाही.
पिशवी एकच नेली आहे. हेल्मेट इथेच, खुंटीवर. हेल्मेट ठेवून कुणी कायमचं जात नसतं.

२१ डिसेंबर
शेजारच्या अश्विनची बुलेट मागून आणली. स्टँड काढला. गाडी पडली. मी खाली. अश्विन म्हणाला, "काका, पिच्चरमधी तर तुमी नाल्यावरून उडवून राहिले होते!" त्याला सांगितलं, कलावंत गल्लीत कला दाखवत नाही. गुडघा सुजला. रक्तचंदन उगाळून लावलं. तेही नेहमी तीच उगाळते. माझं पातळ झालं.

२४ डिसेंबर
चारुशीलेला फोन केला. आधी "जेवले का?" असं तिनेच विचारलं. शुभलक्षण. मग मी शूटिंगच्या तारखा सांगितल्या. ती म्हणाली, "फोन माह्यासाठी केला का गाडीसाठी?" मी म्हटलं, सिनेमासाठी. फोन कटला. पारशिवनीकडे नेटवर्क फार वाईट.

२८ डिसेंबर
क्लोजअप उरकले. टेम्पोत अश्विनची बुलेट उभी बांधली, वर मी, समोर वाऱ्यासाठी कूलर. या थंडीत कूलरसमोर बसलेला नागपूर जिल्ह्यातला मी एकटाच इसम असेन. मारोतराव ओरडत होते, "शास्त्रीजी, दात वाजवू नोका जी! वाघ आहा तुमी!" खलनायक पिंटूला मी संवाद दिला होता : 'रे दुर्वृत्ता, तिष्ठ!' तो म्हणाला, "हे मराठीत काय होते जी?" शेवटी "थांब बे" ठेवलं. अभिजात वाङ्मय असंच मरतं.
सर्दी.

२ जानेवारी
मारोतरावांनी परस्पर चारुशीलेला फोन लावला. म्हणाले, "वहिनी येऊन राहिल्या. पन एकच शॉट देतो म्हन्ते, आखरीचा." एकच का, हे मी विचारलं नाही. तूर असेल. शिवाय आखरीचा शॉट असा : वाघ दूर वळणापर्यंत जातो, दिसेनासा होतो, आणि परत येतो. वापसी. संपूर्ण चित्रपट त्या परत येण्यावर उभा आहे.

९ जानेवारी
उद्या बायपासवर शूटिंग. तिला काय बोलायचं ते ठरवलं. आधी चार ओळींचा श्लोक केला होता. त्यात ती शरदाचं चांदणं आणि मी चकोर. ती हसली असती, पण चांगलं हसली नसती. म्हणून साधंच : 'घरी चल. तुझ्याशिवाय करमत नाही.' आरशासमोर म्हणून पाहिलं. जमतं.
हेल्मेट पुसलं. आत तिच्या केसांच्या तेलाचा वास अजून आहे.

१० जानेवारी
आली. डोक्याला दुपट्टा बांधून, अख्खी वाट बुलेटवर. बारीक झाली आहे. मी जॅकेट काढून दिलं. एकच आहे, दोघांत वापरतो. घालताना म्हणाली, "तुमचं आंग गरम लागते वो. ताप हाये का?" म्हटलं, नाही. मग माझ्याकडे पाहत उभी राहिली, म्हणजे मी काही बोलेन म्हणून. ठरलेलं वाक्य ओठावर होतं. मी म्हणालो, "क्लच हळू सोड."
तिने हेल्मेट घेतलं. काच खाली केली.
ॲक्शन. गेली. सरळ, देखणी, पाठ ताठ. माझ्या जॅकेटमध्ये मी इतका चांगला कधीच दिसलो नाही. वळण आलं. दिसेनाशी झाली. मारोतराव कॅमेरा सोडेनात. चहावाल्या रुखमाबाई कप हातात धरून उभ्या.
पेट्रोल संपलं असेल. दुसऱ्या रस्त्याने येत असेल. ड्रोन वर नेला. मारोतराव स्क्रीनकडे बघून हळू म्हणाले, "शास्त्रीजी, गाडी पारशिवनीच्या रस्त्याला लागली."
जॅकेटशिवाय उभा होतो. ऊन उतरेपर्यंत कुणीच 'कट' म्हटलं नाही.

१२ जानेवारी
ताप. मारोतरावांचा निर्णय : वाघ परत येणार नाही. शॉट तसाच ठेवायचा. "नंबर एक शॉट आला जी!" पोस्टर छापून झालेत, त्यामुळे नाव 'वापसी'च. तिला फोन लावला. वाजत राहिला. हरभऱ्याला पाणी धरायचं असेल.

२६ जानेवारी, संध्याकाळ
मंगल कार्यालय रिकामंच होतं, तिथे पहिला खेळ. खुर्च्या भरल्या. कूलरच्या दृश्यांना लोक हसले. तिथे हसायचं नव्हतं. पण शेवटच्या शॉटला शिट्ट्या, टाळ्या. पडद्यावर मी वळणापर्यंत जातो आणि दिसेनासा होतो. रस्ता मात्र बराच वेळ दिसत राहतो.
शेजारी रुखमाबाई. डोळ्यांना पदर. हेल्मेटच्या आत कोण होतं ते त्यांनी पाहिलं होतं, तरी मलाच विचारलं, "वापस कवा येते जी?"
म्हटलं, "पार्ट थ्रीमध्ये."
घरी आलो. हेल्मेटची खुंटी पुसून ठेवली.