बिनकडीच्या दारातून भागम्मा मावशीला

ती. भागम्मा मावशीस सोमेश्वरचा दोन्ही हात जोडून शरणार्थ.

इकडं सगळे ठीक आहेत असं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव खालीवर व्हायचा नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला का? दारातल्या सीताफळाची फळं यंदा तरी माणसांना मिळाली का? मागच्या साली सगळी खारीनं खाल्ली होती आणि तुम्ही तिला नाव घेऊन शिव्या देत होता. (ते नाव तुमच्या जावेचं होतं, हे मी अजून कुणाला बोललो नाही.)

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. आमच्या घरात फोन आहे, पण तो कुणा एकाचा नाही. आई तो स्पीकरवर टाकूनच बोलते, आणि स्पीकरचा आवाज सरजाबाईच्या चुलीपर्यंत जातो. सरजाबाई म्हणजे आमची शेजारीण, तुम्ही बघितलीय, तुमच्या पातळाचा पदर हातात धरून पोत बघत होती ती. तिच्या चुलीपर्यंत गेलेली गोष्ट सांजेला पोखर्णीच्या बाजारात पोचते. म्हणून लिहायलोय. अक्षर बघून घ्या, शाळा जेवढी झाली तेवढंच ते आहे.

तर मी सध्या घरीच आहे. चष्मा पुसू नका, बरोबर वाचलंत. दिवाळीपर्यंत देवगाव फाट्यावर एका हॉटेलात भजी तळत होतो. मला फाटा लय आवडतो. तिथं उतरलेल्या प्रत्येक माणसाला कुठंतरी जायचं असतं आणि आपल्याला नसतं, त्यामुळं बरं वाटतं. त्याआधी हार्वेस्टरवर होतो, त्याच्याआधी लग्नांतल्या डीजेच्या वायरी ओढत होतो (त्यातली एका नवरदेवाची आणि घोडीची गोष्ट भारी आहे, पण तिला एक अख्खं पत्र लागेल). घरी आलो तो आईच्या फोनामुळं. म्हणजे फोनांमुळं. भज्यांचा एक घाणा काढला की एक फोन.

"हायस का?"

"हाय की."

"बरं." आणि ठेवून द्यायची. पुढच्या घाण्याला परत, "हायस का?" शेवटी हॉटेलवाला म्हणाला, "सोम्या, मायला तोंड दाखवून ये बाबा, गिऱ्हाईक करपलेली भजी खायलंय."

घरी येऊन बघतो तर आई वरून ठणठणीत. भाकरी तशीच टम्म, आप्पांना टोमणे तसेच. पण भाकरी थापता थापता मधेच थांबायची, कान द्यायची, जसं कुणी दारात येऊन उभं राहिलंय. मी म्हणालो, काय झालं. म्हणाली, "कायतरी इसरलंय बघ. आन् काय इसरलंय ते बी इसरलंय." गॅस बघितला, बंद. बैलाचं दावं बघितलं, बांधलेलं. मग मला बघितलं, मी समोर. तरी तिचा जीव काही जागेवर येईना. मधेच मानेपासून लालबुंद व्हायची, पदरानं वारा घ्यायची, थंडीच्या दिवसात पाट्यावर घामाचे थेंब. मधेच रडायची. कुकरची शिट्टी झाली म्हणून रडली एकदा. आप्पा (आमचे शिवमूर्ती आप्पा म्हणजे बोलायचं सोडून सगळं करणारा बाप) तेव्हापासून डाळ पातेल्यात शिजवायलेत, स्वतः.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला पेचकस आणायला लावला आणि ती झोपते त्या खोलीच्या दाराची बाहेरची कडी काढायला सांगितली. मी म्हणालो, कडीनं काय केलंय? म्हणाली, "ती बघितली की छातीत धडधडतंय. काढ म्हणलं की काढ." काढली. आप्पा पातेल्याजवळून म्हणाले, "आता शेळी आत यील." शेळी त्याच दुपारी आत आली आणि आता ती आप्पांच्या गादीवर बसते, आप्पा खाली बसतात. तेव्हा आम्ही हसलो होतो. तुम्हीही हसून घ्या, मग पुढं वाचा.

धडधडतंय म्हणाली म्हणून परभणीला मोठ्या दवाखान्यात छातीची पट्टी, ती ईसीजी का काय म्हणतात ती, काढून आणली. डॉक्टर म्हणाले, हृदय बैलासारखं आहे. आप्पांना एवढा आनंद झाला की येताना एस्टीत शेजारच्या माणसाला सांगितलं, आमच्या मंडळीचं हृदय बैलाचं आहे, आणि तो माणूस उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसला. आई मात्र जास्तच खचली. छातीत काही सापडलं असतं तर बरं, असं तिचं म्हणणं. म्हणाली, "छातीत न्हाई म्हणजी डोस्क्यातच हाय."

आता गरमीचा बंदोबस्त मी माझ्या अकलेनं केला. कूलर उन्हाळ्यानंतर पत्र्यावर गेलेला, त्याच्यात चिमण्यांनी संसार मांडलेला. मग डोकं लढवलं. महारुद्रकडं सोयाबीन उफणायचा मोठा पंखा आहे (महारुद्र म्हणजे आमचा शेतशेजारी, ज्याची मोटार आणि आमची मोटार एकाच विहिरीवर आहे आणि तरी भांडण नाही, असा माणूस). तो पंखा मी गाड्यात घालून आणला, ओसरीत मांडला, आईला समोर खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबलं. मावशी, तो झाडून आणायचा असतो हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. आत सुगीचा सगळा भुस्सा होता. तो निघाला. पाठोपाठ परातीतलं पीठ निघालं, देव्हाऱ्यातली विभूती निघाली, आप्पांची टोपी निघाली, शेळी आपण होऊन निघाली. धुरळा बसला तेव्हा आई खुर्चीवर तशीच, डोक्यापासून पायापर्यंत भुस्सा, कपाळावर आपोआप लागलेली विभूती, डोळे मिटलेले. म्हणाली, "बंद करू नको. लय बरं वाटायलंय." पंखा अजून ओसरीतच आहे. महारुद्र रोज येऊन त्याच्याकडं बघतो आणि चहा पिऊन जातो.

मग येळवस आली. तुमच्या जिंतूरकडं तिचा एवढा गाजावाजा नसतो, पण आमच्याकडं त्या अमावस्येला पहाटे रांधून झालं की घरात चूल पेटत नाही, सगळं गाव रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं केलं, भज्जी (माझी तळलेली भजी नव्हे, पालेभाज्या-शेंगांची घोटलेली), बाजरीचे उंडे, आंबिलाचा माठ, पाहुणे पंचवीस-तीस. आई पहाटेपासून राबलेली. जेवणं व्हायच्या आधी आम्ही पुरुष मंडळी पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी घालायला निघालो. आता आमच्या भागात एक सवय आहे. लाईट आली की मोटार चालू करायची. लग्न असो, मयत असो, हात आपोआप पेटीकडं जातो. त्या दिवशी लाईट आली आणि महारुद्रनं सवयीनं बटण दाबलं. हरभऱ्यात तुषारचे पाईप आदल्या दिवसापासून तसेच लावलेले होते.

फेरी हरभऱ्याच्या धुऱ्याला, बांधाशी आली आणि पुढचा माणूस थांबला. मागचे त्याच्यावर आदळले. तुषार फिरायलेले आणि त्यांच्या मधोमध आमची आई उभी. नवी इरकल अंगावर, तोंड वर केलेलं, हात जरा पसरलेले, थंडी अशी की आम्ही कानाला रुमाल बांधलेला. पाण्याचा फवारा फिरून यायचा, तिला भिजवायचा, पुढं जायचा, आणि ती पुढच्या फवाऱ्याची वाट बघत उभी. आप्पा म्हणाले, "अगं काकडशील." (त्या आठवड्यातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य.) तिकडून आवाज आला, "जरा गप ऱ्हावा."

झालं. सरजाबाईनं कोपीतून बघितलं आणि झपाटलं म्हणून बोंब मारली. एका पाहुण्यानं लिंबू मागितलं. दुसरा कुठल्याशा महाराजांचा नंबर फोनमध्ये शोधायला लागला. महारुद्रनं मोटार बंद केली तशी आई डोळे उघडून सगळ्यांकडं बघायला लागली. मावशी, तिच्या तोंडावरचं मघाचं सुख असं पुसलं गेलं, जसं पाटीवरचं.

तिला उन्हात बाजेवर बसवलं. मी कोपीच्या मागं कडब्याला टेकून पडलो होतो, म्हणून मला ऐकू आलं. बाया एकेक करून यायच्या. ताटात भज्जी घेऊन यायच्या, आणि भज्जी खाली ठेवता ठेवता हळूच, "राजेश्री, तुला बी होयलंय का?" एक झाली की दुसरी. शाळेतल्या माधवी मॅडम आल्या, ज्यांनी मला बाकावर उभं केलं तेवढं कुणीच केलं नाही, त्या म्हणाल्या, "मी वर्गात पोरांची नावं विसरते हो. मग सगळ्यांनाच बाळ म्हणते." शेवटी सरजाबाई. इकडं तिकडं बघून म्हणाली, "मला बी झालं व्हतं बाई. मी सगळं म्हशीवर काढलं. ती म्हैस पुढं दूधच दीना." आई जरा हसली. ताटं मात्र सात-आठ गोळा झाली, ती नंतर मीच संपवली.

पण घरी येताना गाड्यात ती ओलसर पदर पिळत बसली. आप्पा पुढं बैल हाकायलेले. मला म्हणाली, "सोम्या, माझी आई बी असंच करायची. थंडीत हिरीवर जाऊन अंगावर बादल्या वतून घ्यायची. मी पोलक्यात व्हते. मग येड लागलं म्हणून तिला मागच्या खोलीत घातली आन् बाहिरून कडी लावली." मग म्हणाली, "मी आईवरच गेलीय."

तेव्हा मला कळलं की मी पेचकसानं काय काढलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात तिला बायांच्या डॉक्टरकडं नेलं. मी बाहेर थांबणार होतो, पण डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं, घरातल्याला कळू द्या म्हणाल्या. मी सगळा वेळ छताचा पंखा बघत ऐकलं. (त्याला तीन पाती आहेत आणि एकावर कोळिष्टक आहे.) पण ऐकलं. पाळी जायच्या आधी काही वर्षं शरीरात अशी उलथापालथ चालते म्हणे. गरमी येते, झोप उडते, जीव घाबरा होतो, विनाकारण हुरहूर लागते. हे येड नाही, बाधा नाही. चहा कमी करा, रोज चाला, मनातलं कुणाशी तरी बोला, त्रास वाढला तर औषध आहे, लाजून अंगावर काढू नका. आईनं सगळं मान डोलवून ऐकलं आणि जिन्यात म्हणाली, "पोरगी हुशार हाय. पर तिच्या डोस्क्यात एक पांढरा केस न्हाई, तिला काय ठावं."

तेव्हापासून मी एकच गोष्ट डोक्यात घोळवायलोय. आपल्याकडं म्हैस आटली, गाय माजावर आली, शेळी गाभडली, सगळं पारावर चारचौघात बोलतात, सल्ले देतात, पेंड बदलून बघतात. घरातल्या बाईच्या अंगात एवढं वादळ उठतं आणि तिला आपण विचारतो, भाजीत मीठ का नाही. आज्जीला कुणी काहीच विचारलं नसेल. मी पण आईला नव्हतं विचारलं, नुसता पंखा आणला. फाट्यावर बसून मी किती माणसांना विचारलं असेल, कुठं जायचंय, कुठून आलात. घरात विचारायचं सुचत नाही.

आता आई रोज सकाळी माझ्यासोबत पोखर्णीच्या रस्त्यानं चालते. मी वाटेत कुणाशी ना कुणाशी बोलायला थांबतो, ती पुढं निघून जाते आणि परत येताना मला गोळा करते. जीव घाबरा झाला की हातपंप मारून तोंडावर पाणी घेते. पण घेताना आधी मागं वळून बघते, कुणी बघतंय का. ते बघणं जात नाही, मावशी.

मोठ्यांना शरणार्थ, पोरांना गालगुच्चे, खारीला माझा निरोप. कळावे, लोभ आहेच, उधारीवर का होईना.

तुमचा,
सोमेश्वर

ता. क. : एवढं लांबलचक लिहिलं ते याच्यासाठी. तुम्ही थोरल्या. आज्जीला खोलीत घातलं तेव्हा तुमचं लग्न झालं होतं, तुम्हाला सगळं कळत होतं. आणि आई म्हणते, दहा-बारा वर्षांमागं तुम्हीही थंडीत अंगणात चटई टाकून पडायचा, आणि विचारलं तर आत ढेकूण झालेत म्हणायचा. आज्जीला खरंच येड लागलं होतं, का तिलाही हेच झालं होतं? आई डॉक्टरचं ऐकत नाही, माझं तर नाहीच. तुमचं ऐकेल. फोनवर नको, सरजाबाई आहे. एस्टीत बसा, परभणीला मी घ्यायला येतो.

ता. क. दुसरं : आईनं हे पत्र पिठाच्या डब्याखालून काढून वाचलं. पंख्याचं खोटं लिहिलंय म्हणते, भुस्सा एवढा नव्हता. इरकल नवी नव्हती. आणि मी तिच्या काळजीनं आलो असं दाखवायलोय, पण हॉटेलवाल्यानं मला काढून टाकलं म्हणूनच आलो, हेही लिही म्हणाली. (लिहिलं.) आज्जीचं जिथं लिहिलंय ते पान तिनं दोनदा वाचलं आणि फाडलं नाही. मग म्हणाली, "आक्काला लिव, खरं आसंल ते सांग म्हणावं. ढेकणाचं बी."

ता. क. तिसरं : तुमची गादी आईच्याच खोलीत घालायलोय. दाराला कडी नाही, शेळी येते. तेवढं सोसा.