सात नंबरच्या विहिरीतला आमचा वाटा

मी, खाली सही करणारा, गॅसच्या आडव्या विहिरी किती गॅस देतील आणि परवडतील का, याचा अंदाज बांधण्यात जन्म घालवलेला निवृत्त इंजिनिअर, पूर्ण शुद्धीत आणि जावई बाहेरच्या खोलीत घसा खाकरत असतानाही कोणाच्या दबावाला बळी न पडता, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. आधीचे रद्द समजावे. ते मी जावयावर खूश असताना लिहिले होते.

कलम १. राहते घर बायकोचे. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये. जावयाने स्वतःच्या घरी तिच्यासाठी खोली तयार ठेवली आहे. ती मी पाहिली आहे. तिथे व्यायामाची सायकल आहे, सायकलवर कपडे वाळत असतात आणि खिडकी उघडत नाही.

कलम २. सासऱ्यांच्या पडीक जमिनीखालून गेलेल्या सात नंबरच्या विहिरीतला आमचा वाटाही बायकोचा. घरखर्च त्यावरच चालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ही विहीर खाली जाऊन दगडात आडवी वळते. अशी विहीर पहिल्या वर्षी गॅस नुसता ओतते, मग धाडकन उतरते आणि पुढे कित्येक वर्षे थोडाथोडा देत राहते. माझ्या एका सहकाऱ्याने, ज्याला सगळे ऑफिस 'सरळरेषा' म्हणायचे, पहिल्या तीन महिन्यांच्या आकड्यांवर पट्टी ठेवून तीस वर्षांची रेघ ओढली. त्या भरवशावर साहेबांनी ऑफिसात लिफ्ट बसवली. गॅस खाली आला, लिफ्टचे हप्ते काही खाली आले नाहीत. पट्टी माझी होती. ती अजून परत आलेली नाही. वसूल झाल्यास नातीला द्यावी.

जावयाची चूक उलटी. गेल्या महिन्यात गॅस जवळजवळ थांबला, तर त्याने विहीर मेली म्हणून जाहीर केले आणि वाट्याला गिऱ्हाईकही आणले. वाटा गेला की घर चालणार नाही, आणि घर चालले नाही की सायकलची खोली. आडव्या भागात खोलगट जागी पाणी साचते आणि गॅसची वाट अडते, हे त्याच्या गावीही नव्हते. मी कंपनीच्या मागे लागून विहीर काही दिवस बंद ठेवायला लावली. दाब चढला, उघडल्यावर पाणी बाहेर फेकले गेले आणि गॅस पूर्ववत सुरू झाला. जावयाच्या मते हे नशीब.

कलम ३. एवढे वाचून दाखवून मी बायकोला विचारले, तुला वाटा विकायचाय का? ती भाजी निवडत होती.

"तुमचंही पहिल्या वर्षानंतर सगळं उतरलंच होतं," ती म्हणाली. "मी विकलं का तुम्हाला?"

मला रडू आले, तेही इथे नोंदवतो. वाट्याचे काय करायचे ते एकटी तीच ठरवील.

कलम ४. जावयाला माझा कॅल्क्युलेटर. सेल त्याने स्वतः घालावेत.

साक्षीदार: १. शेजारचे दंतवैद्य. २. सरळरेषा. (सही ओळ सोडून वर गेली आहे, ती ग्राह्य धरावी. पट्टी आणलेली नाही.)

बायकोही पेन घेऊन आली होती. जिला मिळकत मिळते तिने साक्षीदार होऊ नये, असे दंतवैद्य म्हणाले. मग ती नुसतीच माझ्या शेजारी बसली.

सही: मृत्युपत्र करणारा, अजून चालू.
दिनांक: विहीर पुन्हा सुरू झाल्यानंतरचा दुसरा सोमवार.
स्थळ: हेच घर, जिथून ती हलणार नाही.