पेटीचे कुलूप

२ फेब्रुवारी, शिरूर कासार
आज कनिष्ठ महाविद्यालयात रुजू झालो. सहकाऱ्यांनी सौजन्याने स्वागत केले. भाड्याची खोलीही हवेशीर आहे. घरमालकीण चंद्रभागाबाई यांनी भाकरी व ठेचा आणून दिला. दाराचे, कपाटाचे आणि माझ्या दिवंगत पत्नीच्या, योगिताच्या, लोखंडी पेटीचे कुलूप पाहून त्या म्हणाल्या, "सर, एवढी कुलपं कावून? इथले चोर बी ऊसतोडीला गेल्यात." कित्येक महिन्यांनी मला हसू आले. पेटीत तिच्या साड्या आणि बाळासाठी तिने शिवलेली दुपटी आहेत. गंध उडून जाईल म्हणून ती मी उघडत नाही.

९ फेब्रुवारी
दुपारी परतलो तेव्हा शेजारच्या घरातून प्रसूतीच्या कळा देणाऱ्या स्त्रीचे कण्हणे ऐकू आले. एक बाई जोर लाव म्हणून ओरडत होती, दुसरी थांब म्हणत होती. मला विलक्षण संताप आला. गेल्या वर्षी याच महिन्यात, दवाखान्याच्या बंद दाराबाहेर उभा राहून मी हेच ऐकले होते. श्वास धर, सोड, जोर लाव, आता नको. जिचा देह, तिला कोणीही काही विचारीत नव्हते. अखेरीस योगिता एवढेच म्हणाली की आता जोर राहिला नाही. बाळ जन्मलेच नाही, तिच्यासोबत गेले.

१० फेब्रुवारी
चंद्रभागाबाई सांगतात, ते घर दिवाळीपासून बंद आहे. तिथे राहणारा परमेश्वर बायकोसह ऊसतोडीला कारखान्यावर गेला आहे. आवाज मात्र त्यांनाही येतो. बाई अडली की आसपासची कुलपे काढावीत, गाठी सोडाव्यात, अशी इकडची रीत. त्यांनी केस मोकळे सोडले होते, डब्यांची झाकणेही काढून ठेवली होती. "तुमची पेटी तेवढी बंद हाय, सर. उघडा की! कावून छळताव तिला?" असल्या समजुतींना माझ्याकडे थारा नाही, असे मी स्पष्ट सांगितले. 'तिला' म्हणजे कोणाला, हे विचारले नाही.

१३ फेब्रुवारी
ओरडणाऱ्या बायका गप्प झाल्या. कण्हणारी एकटी उरली आहे. आवाज भिंतीपलीकडून येत नाही. तो माझ्याच खोलीत —

१४ फेब्रुवारी, दुपार
पेटीचे झाकण कळ आल्यासारखे उचलते. कुलपाला अडते. खाली बसते. पुन्हा. दर वेळी जोर कमी —

अहो, आता जोर न्हाई राह्यला. तिचेच शब्द. तिचाच आवाज.

किल्ली वळत नाही. गंज — माझाच हट्ट — खोबरेल तेल ओतले —

वळली.

झाकण अर्धेच वर — मी ओरडलो. जोर लाव, योगिता! मीही तेच ओरडलो. डोके दिसते आहे —

ती शांत झाली. सुटली. पण बाळ — ते पेटीचा काठ धरून उभे राहिले आहे. वर्षभराचे झाले आहे. तेथेच, आत, बंद — हात पुढे करून ते माझ्याक