मेसमधला कूट

सूनबाई सुनीता,

तुझ्या फोटोपुढं बसून रडायला मला जमत न्हाई, म्हून लिहिते. काल लातूरहून आले. तुझ्या लेकीचं एक काम करून आले, ते तुला कळायलाच पाहिजे. अक्षर चौथीचं हाय, सांभाळून वाच.

आपल्या पूजाला लातूरच्या कालेजात घातलं. राहायला हॉस्टेल, जेवायला बाजूची मेस. शेंगदाणा पोटात गेला की तिचं नरडं सुजतं, श्वास कोंडतो, हे तुझ्याइतकं कुणाला ठावं? फोनवर रोज विचारायचे, "जेवलीस का?"

"हाव आजी, जेवले."

खोटारडी! परवा तिच्या खोलीतली रुखसाना, उदगीरची पोर, तिनं फोन केला. "आजी, पूजा नुसता भात-मीठ खाऊन राहिली. न्हाईतर बिस्किटं. आज जिन्यात चक्कर येऊन पडली."

मी नायगावहून पहिली एसटी धरली. मेसवाल्या बाईला विचारलं, भाजीत शेंगदाणे घालता का?

"छे वो आजी! दाणे कुठं? नुसता कूट हाय."

आता बोल! आपल्याकडं कूट म्हंजे मिठासारखा, त्याला कुणी शेंगदाण्यात धरतच न्हाई. वांग्यात कूट, पालेभाजीत कूट, कोशिंबिरीत कूट. पोरीनं खावं तरी काय?

पूजाला म्हणलं, "बाईला सांगितलं का न्हाईस?" तर खाली बघून म्हणती, "आई म्हणायची, आपल्यापायी कुणाला तरास नको."

सुनीता, हे काय शिकवून गेलीस ग? तू पोरीचं आधी काढायचीस, मग आमच्या कालवणात कूट घालायचीस. घरात कुणाला पत्ता लागू द्यायची न्हाईस. हात लई हुशार तुझे, तोंड मात्र मुकं! माझ्याशी चारदा कडाकडा भांडली असतीस, तर पोर बघून तरी शिकली असती.

मी मेसच्या शेगडीपाशीच ठाण मांडलं. "कूट घालायच्या आधी हिचं काढायचं. पातेलं वेगळं, पळी वेगळी."

"एवढ्या पोरींत एकीसाठी?"

"हाव, एकीसाठी. तिचा गळा बंद झाला तर तू काय फुंकर घालणार हायस?"

बाईनं वेगळं पातेलं काढलं. पण मी काय रोज जाणार? पूजाला पुढं ढकललं, "आता तू सांग." आधी नुसते ओठ हलले. म्हणलं, "मला ऐकू येत न्हाई." मग अशी बोलली की अख्ख्या मेसनं माना वळवल्या! रुखसाना तर टाळ्याच पिटायली.

काल तुझ्या लेकीनं वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. मी समोर बसून बघितलं.

माझा शब्द हाय तुला. मेस बदलू दे, गाव बदलू दे, उद्या सासर येऊ दे, पोर आधी विचारल, मगच घास उचलल. तेवढं तोंड मी तिला देऊन जाईन. तुझ्यासारखी गुणाची राहायची न्हाई ती, लोक नावं ठेवतील. पण उपाशी राहायची न्हाई.

तुझी सासू,
गंगाबाई