दातवालीचं पुस्तक

३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दीड पान दातवाली, अर्धं पान हवापाणी आणि अगदी तळाशी, ताई तू कशी आहेस. ताई मजेत आहे. दुकानात एका हॉटेलचे पडदे शिवायला आलेत, चुण्या घालून घालून बोटं वाकडी झालीत.

तुमच्या कवळ्यांच्या कारखान्यात तू साचे ओततेस आणि ती दातांना रंग देते, हे समजलं. गिऱ्हाइकाच्या तोंडात उरलेल्या दातांशी ती रंग असा जुळवते की सख्ख्या नवऱ्यालाही कळू नये, हेही समजलं; मागच्या पत्रातही होतं. हसताना तिला खळी पडते, याचा कवळ्यांशी काय संबंध ते मात्र कळलं नाही.

आणि आता खोलीवर दोघी मिळून मांगा वाचता म्हणे. त्या जपानी चित्रकथा, दोन तरुण एकमेकांच्या प्रेमात पडतात त्या, बसल्या बैठकीला संपणाऱ्या. वाचून झालं की मग दोघींची त्यावर तासन् तास मतं! भिंगरे, चित्रकथा वाचायला तुला शिकवलं कोणी? एका पांघरुणात मी मोठ्यानं वाचायचे आणि तू पान उलटायचीस. माझ्या पोटात दुखतंय, लपवत नाही. मतं मलाही आहेत. एक पाठवून दे.

पुढच्या पत्रात पहिलं पान माझ्यासाठी राखून ठेवावं, ही विनंती.
तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घे, पहिलं पान तुझं. पुस्तक पाठवतेय. तिचं आहे, आणि तुझे हात कायम मशीनच्या तेलाचे, म्हणून खाकी कव्हर घालून चिकटवून दिलंय.

माझं मत विचारशील तर मला छोट्याच चित्रकथा आवडतात. लांबलचक असल्या की एक गैरसमज चार भाग ताणतात, त्या दोघांना धरून हलवावंसं वाटतं. छोटीत एका नजरेत काम उरकावं लागतं. तिचं म्हणणं उलट, की छोट्या लबाड असतात. खरं अवघड सगळं शेवटच्या पानानंतर सुरू होतं. आमचं भांडण त्यावरूनच.

ताई, आता नीट वाच. ती आणि मी नुसती खोली वाटून घेतलेली नाही. त्या पुस्तकातल्या दोघांचं जे आहे तेच आमचं आहे. तोंडानं सांगायला गेले की माझी दातखीळ बसते, म्हणून पुस्तक. आमची गोष्ट त्याच्या शेवटापर्यंत आली आहे. शेवट वाचून मोकळेपणी लिही. सुट्टीत तिला घेऊन तुझ्याकडे यायचं मनात आहे. यावं की नाही, ते तुझ्या मतावर.

आहे तेवढाच लोभ राहू दे, जास्त मागत नाही.
तुझी भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

वाचलं. पहिलं पान उघडते तर दोघं ओठाला ओठ लावून उभे! माझे कान तापले. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, आणि दोन दिवस मशीनवर हात चालेना. तू मला हे इतके दिवस सांगितलं नाहीस, आणि तिला माझ्याआधी सगळं माहीत, याचंच जास्त लागलं.

पण पुढे वाचत गेले तशी निवळले. मांडणी विचित्र आहे. एकजण आधी उत्तर देतो आणि मग दुसरा प्रश्न विचारतो. नवीन पद्धत असेल. गोष्ट मात्र खरी. खोकी बांधून एकजण घराबाहेर पडतो, एकाला ताप येतो, दुसरा उशाशी बसतो खरा, पण त्यात पहिली माया नाही. मग जिन्यात भांडण. शेवटी तर ओळखही राहिली नाही. एक बॅग घेऊन जिना चढतोय, दुसरा उतरतोय, कोणी मान वळवत नाही.

शेवट मला पूर्ण पटला. तुमचंही तिथवर आलंय, हे वाचून तुझ्यासाठी वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, स्वतःसाठी बरं वाटलं. निरोपाला तिला इथे आणायची काही गरज नाही. एकटी ये. तुझी उशी उन्हात टाकली आहे.

लोभ सगळाच्या सगळा शिल्लक आहे.
तुझी ताई


२६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

मत कळलं. एकटी येणार नाही. पुस्तक तिचं आहे, परत पाठव.

भिंगरी


२८ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

मी दातवाली. आपली ओळख नाही, तरी लिहितेय.

तुमचं पत्र तिनं माझ्यापुढे टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. उत्तर आधी, प्रश्न मग, हे वाचलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताई, मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्याला जे शेवटचं पान वाटतं तिथून तो सुरू होतो. तशी सूचना छापलेली असते, ती आमच्या कव्हरच्या घडीत चिकटून गेली. ते दोघं जिन्यात अनोळखी भेटतात, भांडतात, तापात जीव लावतात, खोकी घेऊन एका घरात राहायला येतात. शेवट म्हणजे तुम्ही सगळ्यात आधी पाहिलात तो, ओठाला ओठ.

हे तिला सांगितलं, पण तिचं समाधान होत नाही. तिचं म्हणणं, पुस्तक कुठूनही वाचलं असतं तरी ताईला मी एकटीच हवी होते.

एक सांगते. मलाही तुमचा हेवा वाटतो. तुमचं पत्र आलं की ती चपलाही न काढता दारातच वाचते. मग मला वाचून दाखवते, पण मधल्या काही ओळी गाळते. त्या ओळींत काय असतं या विचारानं मी जळते.

आपल्या मनात माझ्याविषयी राग असला तरी तिच्याविषयी नसावा.
आपली,
दातवाली


५ एप्रिल

चि. दातवालीस,
अ. आ. वि. वि.

भिंगरीला न लिहिता तुलाच लिहितेय. तिचं म्हणणं खरं आहे. पुस्तक उलटं वाचलं ही चूक, पण ते दोघं दूर होत गेले तसा मला आनंद होत गेला, तो काही छपाईचा दोष नव्हता. हे लिहिताना लाज वाटते. पण ती माझ्यावर रुसून बसली तर या घरात मी आणि मशीन एवढंच उरतं, म्हणून लिहितेय.

ती गाळते त्या ओळींत बहुतेक तुझी निंदा असते. तेव्हा जळू नकोस.

पुस्तक उजवीकडून वाचलं. आता माझं मत. गोड आहे, जरा जास्तच. तू म्हणतेस ते बरोबर, छोट्या लबाड असतात. त्या दोघांतल्या उंच मुलाची थोरली बहीण एकाच चौकोनात येते, दार उघडते, बाजूला होते आणि संपते. तिला काय वाटलं ते काढायचं चित्रकाराला सुचलंच नाही. पुन्हा पुन्हा ते पान बघितलं. बाजूला होताना तिनं दाराची कडी घट्ट धरून ठेवली आहे, एवढं मात्र त्यानं बरोबर काढलंय.

सुट्टीत तिला घेऊन ये. मोठी खोली तुम्हा दोघींची, मी मशीनपाशी झोपेन. जळफळेन, दोन-चार वेळा टोचूनही बोलेन, ते मनावर घ्यायचं नाही. आणि एक दिवस तू एकटीच फिरायला जा, तिला माझ्याजवळ ठेवून. लवकर परत येऊ नकोस.

लोभ अजून जडलेला नाही. जडेल.
तुझीसुद्धा,
ताई